स्वतःच्या डिझाइनसाठी सुट्या ब्रिक्स मागवताय? आधी हे वाचून घ्या

हे पत्रक मोठ्या माणसांसाठी आहे, म्हणजे ज्यांचं आता बॉक्समधल्या सेटवर भागत नाही आणि स्वतःच्या डोक्यातलं इंजिन, वाडा, जहाज, रोबो जे काय असेल ते एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ब्रिक्समध्ये उतरवायचंय. या छंदात अशा मॉडेलला सगळे मॉक म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. आम्ही सुट्या ब्रिक्स विकतो, तुमची पार्ट लिस्ट बघून माल काढून देतो, एवढंच आमचं काम. लेगो कंपनीशी आमचा संबंध नाही, त्यांचे आम्ही एजंट नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

बहुतेक लिस्ट बघितल्यावर आम्हाला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. स्क्रीनवर मॉडेल झकास दिसतंय म्हणून ते टेबलावर उभं राहीलच असं नाही, आणि लिस्ट तयार झाली म्हणून त्यातला प्रत्येक पार्ट त्या रंगात जगात कुठे बनलाय असंही नाही. म्हणून फायनल लिस्ट पाठवायच्या आधी खालचं जरा डोळ्याखालून घाला, तुमचेच पैसे वाचतील.

मापं, जी पाठच झालेली बरी

दोन स्टडमधलं, म्हणजे ब्रिकच्या डोक्यावरच्या गोल उंचवट्यांमधलं, अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमी. ब्रिकची उंची ९.६ मिमी, स्टड सोडून. प्लेट, म्हणजे चपटी ब्रिक, ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. ब्रिक घनाकार नाही, रुंदीला ८ आणि उंचीला ९.६, म्हणजे ५ ला ६ हे प्रमाण, त्यामुळे पाच ब्रिक उंच रचल्या की ४८ मिमी होतात आणि आडवे सहा स्टडही ४८ मिमीच होतात. तसंच पाच प्लेटची थप्पी १६ मिमी, म्हणजे बरोब्बर दोन स्टड. आडवं-उभं जुळवायचा अख्खा खेळ या दोन हिशेबांवर चालतो.

स्केल ठरवताना पण हेच. मिनीफिगर, म्हणजे सेटमधला छोटा माणूस, साधारण ४ सेमी उंच असते, माणूस १७० सेमी धरला तर स्केल १:४२ च्या आसपास येतं. आता ४.२ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडी घ्या, ती येते १० सेमी लांब आणि ४ सेमी रुंद, म्हणजे साडेबारा स्टड बाय पाच स्टड. पण मिनीफिगर मुळात बुटकी आणि रुंद, पाच स्टडच्या गाडीत दोघी शेजारी शेजारी बसवणं अवघड, म्हणून बरेच जण सहा किंवा आठ स्टड रुंद गाडी करतात आणि स्केल थोडं सोडून देतात. आमचं मत विचाराल तर सोडूनच द्या. आकड्याने बरोबर आणि डोळ्याला विचित्र अशी गाडी कोणालाच नकोय.

आडवं बांधकाम, म्हणजे स्नॉट

स्टड वर न ठेवता बाजूला, खाली, कुठेही फिरवून बांधायच्या पद्धतीला स्नॉट म्हणतात. गुळगुळीत पृष्ठभाग, गाडीच्या बाजू, पाटीवरची अक्षरं, सगळं यातूनच येतं. त्यासाठी बाजूला स्टड असलेली ब्रिक, हेडलाइट ब्रिक आणि ब्रॅकेट (एल आकाराची, एक पाती उभी असलेली प्लेट) हे तीन पार्ट नीट समजून घ्या कारण तिघांचा हिशेब वेगळा आहे आणि लिस्टमध्ये एकाच्या जागी दुसरा टाकला की भिंत आत तरी जाते नाहीतर बाहेर तरी येते.

बाजूला स्टडवाल्या साध्या १×१ ब्रिकवर प्लेट लावली की ती पूर्ण ३.२ मिमी बाहेर येते. हेडलाइट ब्रिकचा बाजूचा स्टड अर्ध्या प्लेटने आत बसवलेला असतो, त्यामुळे तीच प्लेट इथे फक्त १.६ मिमी बाहेर डोकावते. ब्रॅकेटची उभी पाती अर्ध्या प्लेटएवढी जाड, १.६ मिमी. तिच्यावर एक प्लेट लावा, वर एक टाइल, म्हणजे स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, लावा, आता बेरीज करा: १.६ अधिक ३.२ अधिक ३.२, झाले ८ मिमी. म्हणजे ब्रॅकेट, प्लेट आणि टाइल मिळून नेमका एक स्टड, शेजारच्या साध्या भिंतीशी सपाट. हे एकदा हाताने लावून बघा, मग पुढचं आपोआप सुचत जातं. अर्धा स्टड सरकवायचा असेल तर जम्पर प्लेट आहेच, दोन स्टडच्या जागेत मधोमध एकच स्टड, ४ मिमीचं काम होतं.

तिरकी भिंत

भिंत कोनात वळवताना डोळ्याने अंदाज घेऊ नका. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो. एका स्टडपासून आडवे ३ आणि उभे ४ मोजा, त्या दोन स्टडमधलं तिरकं अंतर बरोब्बर ५ येतं. दोन्ही टोकांच्या स्टडवर १×१ गोल प्लेट बसवा आणि वरून लांब प्लेट टाका, ती ताण न घेता बसते. पण प्लेट पाचची नाही, सहाची लागते, कारण आपण स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजतोय, स्टडची संख्या नाही. ही चूक इतकी कॉमन आहे की लिस्टमध्ये १×५ प्लेट दिसल्या की आम्ही फोन करून विचारतोच की तिरकी भिंत आहे का म्हणून. ६-८-१० चालतं, ५-१२-१३ चालतं. ४५ अंशाचा मोह मात्र आवरा, आडवे ७ आणि उभे ७ घेतले तर तिरकं ९.९ येतं, १० नाही. फरक ०.८ मिमीचा, ऐकायला काहीच नाही, पण प्लास्टिक तो ताण कायम धरून ठेवतं आणि पार्ट हळूहळू वाकतो नाहीतर चिरतो.

अशा ताण देणाऱ्या जोडण्यांना मॉकवाले इल्लीगल म्हणतात, पोलीस येत नाहीत, पण कंपनीचे डिझायनर सेटमध्ये त्या टाळतात. उदाहरण म्हणजे स्टडच्या दोन रांगांच्या फटीत प्लेट उभी खुपसणं. स्टडचा व्यास ४.८, फट उरते ३.२, प्लेट पण ३.२, कागदावर बसते. प्रत्यक्षात वाव शून्य, आणि महिनाभर तशी ठेवली की पकड गेलीच समजा. फोटोपुरतं करायचं असेल तर खुशाल करा. कपाटात ठेवायच्या मॉडेलमध्ये नको.

कॉम्प्युटरवर डिझाइन करताना

स्टुडिओ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, ब्रिकलिंक या सुट्या पार्टच्या मोठ्या बाजाराचा तो आहे, आणि ब्रिकलिंक २०१९ पासून लेगो कंपनीकडेच आहे. त्याच्याही आधीपासून एलड्रॉ आहे, जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली पार्टची लायब्ररी, अजूनही हौशी लोकच चालवतात. कंपनीचा स्वतःचा डिजिटल डिझायनर होता तो आता बंद आहे, त्यात जुनी फाइल असेल तर ती स्टुडिओत उघडून मगच लिस्ट काढा.

प्रोग्रॅममध्ये पार्ट एकमेकांत घुसतायत का ते कळतं, मॉडेल तोल जाऊन पडेल का याचाही अंदाज मिळतो. न कळणारी गोष्ट म्हणजे हात. शेवटची ब्रिक आत बसवायला बोट जाणार कुठून, दाबताना खालची भिंत सरकणार का, मॉडेल उचलायचं कुठे धरून, हे स्क्रीन सांगत नाही. लांब पूल आणि बाहेर काढलेल्या बाल्कन्या तर स्क्रीनवर सगळ्याच सरळ असतात कारण तिथे कशालाच वजन नाही. भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, गवंडी वीटकामात जे बघतो तेच, वरची ब्रिक खालच्या दोघींना धरून बसली पाहिजे. मोठं मॉडेल असेल तर आत टेक्निक बीम (भोकं असलेल्या पट्ट्या) आणि त्या जोडणाऱ्या पिनचा सांगाडा घाला, बाहेरून दिसत नाही आणि उचलताना धाकधूक होत नाही.

आणि सगळं मॉडेल मागवण्याआधी अवघड वाटणारा एक तुकडा घरच्या ब्रिक्समध्ये बांधा, रंग कुठलाही चालेल, छताचा एक कोपरा, चाकाची कमान, जे काय अडतंय ते. घरी ते पार्ट नसतील तर तेवढेच आधी आमच्याकडून घ्या, छोटी ऑर्डर आहे म्हणून आम्ही तोंड वाकडं करत नाही.

रंग, इथे खरी डोकेदुखी

प्रोग्रॅममध्ये कुठलाही पार्ट कुठल्याही रंगात रंगवता येतो, कारखान्यात तसं नसतं. एखादा स्लोप, म्हणजे उतरती ब्रिक, लाल, काळा, पांढरा ढिगाने मिळतो आणि तोच गडद हिरव्यात कधी बनलेलाच नाही, किंवा बनला तो एकाच सेटमध्ये, आणि मग त्या एका पार्टसाठी बाकीच्या अर्ध्या ऑर्डरएवढे पैसे जातात. स्टुडिओ याचा इशारा देतो, तो बंद करून ठेवू नका. असा पार्ट सापडला की डिझाइन बदला, बहुतेक वेळा दोन सोप्या पार्टमध्ये तेच होतं.

रंगांची नावं हा दुसरा घोळ. लेगो कंपनीची नावं वेगळी, ब्रिकलिंकची वेगळी. कंपनी ज्याला डार्क ग्रीन म्हणते तो ब्रिकलिंकवर नुसता ग्रीन आहे, आणि ब्रिकलिंकचा डार्क ग्रीन म्हणजे कंपनीचा ‘अर्थ ग्रीन’ (Earth Green). आता तुम्ही फोनवर डार्क ग्रीन म्हणालात तर आम्ही कुठला समजायचा? म्हणून लिस्टमध्ये वरती एक ओळ लिहा, रंग कुठल्या यादीप्रमाणे आहेत ते.

करडा रंग तर विचारूच नका. २००४ च्या सुमारास कंपनीने जुना करडा बदलून निळसर झाक असलेला आणला, जुन्या लोकांना त्याचा राग अजून आहे. दोन्ही एकाच भिंतीत आले की ठिगळ लावल्यासारखं दिसतं, ट्यूबलाइटमध्ये जरा लपतं पण उन्हात चटकन कळतं. घरच्या जुन्या ब्रिक्समध्ये आमचा नवा माल मिसळणार असाल तर एक जुनी ब्रिक नव्या ब्रिकशेजारी उजेडात धरलेला फोटो पाठवा.

आत दडणाऱ्या भागाचा रंग कुठलाही चालतो. लिस्टमध्ये त्या ओळीपुढे ‘कुठलाही’ लिहा, आम्ही जे स्वस्तात पडून आहे ते भरतो.

लिस्ट कशी द्यायची

स्टुडिओची फाइल किंवा त्यातून काढलेली लिस्ट, दोन्ही चालतं. स्क्रीनशॉट आणि वहीच्या पानाचे फोटो कृपया नकोत. प्रत्येक पार्टचा नंबर द्या, उदाहरणार्थ २×४ ब्रिक म्हणजे ३००१, २×२ ब्रिक म्हणजे ३००३. पाकिटावर किंवा सेटच्या पुस्तिकेच्या मागे सहा-सात आकडी नंबर दिसतो त्यात रंगही आलेला असतो, जसं ३००१२१ म्हणजे लाल २×४, तो दिलात तर रंग वेगळा सांगायची गरज नाही. बारीक पार्ट, म्हणजे १×१ प्लेट, टाइल, क्लिप वगैरे, थोडे जास्तच घ्या. ते स्वस्त असतात आणि सोफ्याखाली जातात.

लिस्ट आली की आम्ही तीन गोष्टी कळवतो, काय लगेच आहे, काय मागवावं लागेल आणि काय मिळणारच नाही. मिळणार नाही त्याला आम्ही पर्याय सुचवतो पण तुम्हाला न विचारता बदलून टाकत नाही, कारण एक पार्ट बदलला की तीन प्लेट पुढे काय बिघडेल ते तुम्हालाच माहीत.

नवे, वापरलेले आणि दुसऱ्या कंपन्यांचे

१९५८ च्या २८ जानेवारीला आतल्या नळ्यांच्या ब्रिकचं लेगोचं पेटंट दाखल झालं, आणि तेव्हापासूनच्या ब्रिक्स आजच्या ब्रिक्सवर बसतात, म्हणून वापरलेला माल घ्यायला हरकत नाही. आम्ही तो धुऊन, चिरलेले वेगळे काढून देतो. तुम्ही घरी धुणार असाल तर पाणी ४० अंश सेल्सियसच्या वर नको, वॉशिंग मशीन नको, आणि उन्हात वाळत घालू नका, पांढऱ्या आणि करड्या ब्रिक्स उन्हाने पिवळ्या पडतात. वापरलेल्या तपकिरी आणि गडद लाल पार्टच्या बाबतीत सावध राहा, काही वर्षांचा माल ठिसूळ निघतो, क्लिप उघडतानाच कट्कन तुटते. भार घेणाऱ्या जागी हे दोन रंग नवेच घ्या.

ते पेटंट कधीच संपलंय, त्यामुळे बसणाऱ्या ब्रिक्स दुसऱ्या कंपन्याही बनवतात. आमच्याकडे त्या आहेत, वेगळ्या डब्यात, आणि बिलावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आतल्या भरावाला आणि मोठ्या जमिनीला चांगल्या. स्नॉटच्या कामात मात्र आम्ही त्या सुचवत नाही, तिथे पकड आणि माप यातला केसभर फरकही दहा पार्टनंतर दिसायला लागतो.

दुसऱ्याचं डिझाइन असेल तर

कोणाच्या मॉकची पुस्तिका विकत घेतली असेल तर तिची लिस्ट आम्ही आनंदाने भरून देतो. पुस्तिकेच्या झेरॉक्स काढून द्या किंवा त्याचे दहा बॉक्स करून द्या म्हणालात तर नाही, ते त्या डिझायनरला विचारल्याशिवाय होणार नाही. स्वतःचं डिझाइन खरा सेट म्हणून यावं असं वाटत असेल तर लेगो आयडियाज आहे, तिथे १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते, निवड झाली तर निव्वळ विक्रीच्या १ टक्का डिझायनरला मिळतो. पण १०,००० झाले म्हणजे निवड झाली असं नाही, बरीच डिझाइन तिथेच थांबतात, तेव्हा ब्रिक्स मागवताना त्या भरवशावर मागवू नका.

पार्सल आल्यावर

माल आम्ही रंगाने नाही, पार्टच्या प्रकाराने पिशव्यांत भरतो, कारण लाल ढिगाऱ्यात लाल क्लिप शोधणं ही शिक्षा आहे. तुम्ही लिस्टचे भाग पाडून दिलेत, म्हणजे तळमजला, पहिला मजला, छत असे, तर त्याप्रमाणे पिशव्या करतो, त्याला एक-दोन दिवस जास्त लागतात. पिशव्या उघडण्याआधी बिलाशी ताडून बघा. कमी निघालं किंवा चुकीचं आलं तर पिशवीवरचा नंबर आणि एक फोटो पाठवा, तो पार्ट आमच्या खर्चाने येईल. सगळं एकत्र बादलीत ओतल्यावर मात्र काय कमी होतं ते ना तुम्हाला सांगता येईल ना आम्हाला.