यूएफ आणि आरओ : मत्स्यशेडमधील दोन वेगळी मेम्ब्रेन

निफाड-सिन्नरकडच्या द्राक्षबागायतदाराला पाणी गाळणे नवे नाही. ठिबकसाठी सँड फिल्टर आणि त्यापुढे स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर ही जोडणी त्याला तोंडपाठ असते. त्यामुळे शेडमध्ये फिरत्या पाण्यावर तिलापिया वाढवताना ‘मेम्ब्रेन बसवा’ असा सल्ला मिळाला की तो घरच्या आरओचा विचार करू लागतो. अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणजे यूएफ आणि रिव्हर्स ऑस्मोसिस म्हणजे आरओ या दोन्हींच्या पडद्याला मेम्ब्रेनच म्हणतात, पण दोघांचे काम निराळे आहे.

यूएफच्या पडद्याला प्रत्यक्ष छिद्रे असतात, साधारण 0.01 ते 0.1 मायक्रॉनची. ठिबकची 120 मेशची जाळी सुमारे 130 मायक्रॉनची आणि मत्स्यशेडमधील ड्रम फिल्टरची बहुधा 40 ते 100 मायक्रॉनची असते. तिच्यातून निसटलेले विष्ठेचे व खाद्याचे बारीक कण पाण्याबरोबर फिरत राहतात, माशांच्या कल्ल्यांना त्रास देतात, कुजताना ऑक्सिजन खातात आणि यूव्ही दिव्यापासून जिवाणूंना आडोसा देतात. यूएफ हे कण अडवते, आणि पाण्यात तरंगणारे जिवाणूही.

यूएफमधून आलेल्या पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरला तर पलीकडची वेल स्वच्छ दिसते. त्याच पाण्यात अमोनिया तपासणी किटचे थेंब टाकले की पिवळा रंग हळूहळू हिरवा होतो, अगदी टाकीतल्या पाण्याइतकाच. अमोनिया विरघळलेला असतो. तो यूएफच्या छिद्रांतून सहज जातो. नितळ पाणी पाहून बायोफिल्टर, म्हणजे जिवाणूंकडून अमोनियाचे नायट्रेट करून घेणारी टाकी, बंद करण्याचा मोह म्हणूनच माशांच्या जिवावर बेतू शकतो.

मग आरओ का नको? त्याच्या दाट थरातून दाबाखाली पाणी पार होते आणि क्षार मागे राहतात. अमोनियाचे विद्युतभार असलेले रूप, अमोनियम, हेही बरेचसे अडते, परंतु माशांना खरा विषारी असलेला, भार नसलेला अमोनिया वायू पाण्याबरोबर निसटतो. 25 अंश सेल्सियसला सामू (पीएच) 7 असताना एकूण अमोनियात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, सामू 8 झाला की तो सुमारे पाच टक्क्यांवर जातो. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करताना बायोफिल्टरमधले जिवाणू सुमारे सात ग्रॅम अल्कता (सामू घसरू न देणारे क्षार) खर्च करतात, आणि आरओ नेमकी तीच अल्कता काढून टाकते. वाया जाणारे पाणी वेगळेच.

माझ्या मते आरओची जागा फिरत्या पाण्यात नसून आवकेवर आहे: बोअरचे पाणी फार क्षारयुक्त असेल तर त्याचा काही भाग आरओ करून उरलेल्यात मिसळावा. यूएफ मात्र ड्रम फिल्टरनंतर, एकूण प्रवाहाच्या एका भागावर बसवावे. बायोफिल्टरमधल्या माध्यमाला, म्हणजे भरलेल्या तुकड्यांना, चिकटलेले जिवाणू जागेवरच राहत असल्याने बायोफिल्टरला त्याचा धक्का लागत नाही.

देखभालीतही दोघांची गल्लत महागात पडते. शेवयांसारख्या पोकळ तंतूंवर माशांची बुळबुळीत चिकटण साचली की यूएफला उलट्या प्रवाहाने धुवावे लागते आणि अधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटने स्वच्छ करावे लागते. त्यानंतर क्लोरिनचा अंशही उरू नये, कारण तो मासे आणि बायोफिल्टरचे जिवाणू दोन्ही मारतो. आरओच्या पॉलिअमाइड पडद्याला मात्र क्लोरिन चालतच नाही, त्याने पडदाच खराब होतो. म्हणून गंगापूर धरणाचे, महानगरपालिकेकडून क्लोरिन घालून येणारे नळाचे पाणी आरओला देण्यापूर्वी कार्बन फिल्टरमधून न्यावे.