कॉम्प्युटरला नेट नाही, मग व्हायरस आला कुठून?

(आमच्या प्रेस, वर्कशॉप आणि ऑफिसवाल्या ग्राहकांसाठी)

"आमच्या कॉम्प्युटरला नेटच नाही, त्याला कशाला हवा अँटिव्हायरस?" हे आम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. बोलणारे बहुधा नारायण पेठेतले प्रेसवाले असतात, नाहीतर भोसरीत सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकुमावर चालणारी) मशिन चालवणारे. म्हणणं अर्धं खरं आहे. ई-मेलमधून आणि वेबसाइटवरून येणारा त्रास टळतो. पण कामाच्या फाइली तर आत येतातच ना? त्या येतात पेन ड्राइव्हवरून, आणि व्हायरसही तिथूनच येतो.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका प्रेसमध्ये काय झालं ते सांगतो. मंडळाचा कार्यकर्ता अहवालाचा मजकूर घेऊन आला. पेन ड्राइव्हवर तीन फोल्डर होते: जाहिराती, फोटो, अध्यक्षांचं मनोगत. तिन्ही चिन्हांच्या कोपऱ्यात बारीकसा बाण होता. ऑपरेटरने डबल क्लिक केलं, फोटो दिसले, काम सुरू झालं. कोणाला काही खटकलं नाही, कारण खटकण्यासारखं काही दिसलंच नाही. संध्याकाळपर्यंत त्या मशिनला लावलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर तेच बाण उमटले होते.

याला बाजारात 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो. क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट (हुकुमांची छोटी यादी) चालते आणि मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून शंका येत नाही. ओळखायचं कसं? फाइल एक्सप्लोररमध्ये 'डिटेल्स' व्ह्यू लावा आणि 'टाइप'चा रकाना बघा. फोल्डरच्या जागी 'शॉर्टकट' लिहिलेलं दिसलं की हात आवरा. नावामागचं एक्स्टेन्शन बघून हे कळणार नाही. इतर फाइलींची एक्स्टेन्शन्स दिसायला लावली तरी विंडोज शॉर्टकटचं लपवूनच ठेवतं.

तुमचा डेटा बहुतेक वेळा गेलेला नसतो, नुसता लपलेला असतो. तेव्हा घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. हे मोठ्या अक्षरात छापणार होतो, पण मोठी अक्षरं पुण्यात कोणी मनावर घेत नाही.

आता आमचीच एक चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलाने एका ग्राहकाकडे प्रिंटर ड्रायव्हर टाकला आणि तोच पेन ड्राइव्ह घेऊन पुढच्या दोन ठिकाणी गेला. तीन दुकानांत आजार पोचवला आम्ही, आणि वर बिलही दिलं होतं. (ते परत केलं.) तेव्हापासून आमचा माणूस ड्रायव्हर सीडीवर लिहून आणतो, कारण एकदा लिहून बंद केलेल्या सीडीवर व्हायरसला स्वतःला उतरवता येत नाही. तुमच्याकडे सीडी ड्राइव्ह नसेल, तर त्याच्या पेन ड्राइव्हची तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. तो कुरकुरला तर आम्हाला कळवा.

वॉचमन ठेवा

या पत्रकातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. अडगळीतला एखादा जुना कॉम्प्युटर काढा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाका आणि तो काउंटरजवळ ठेवा. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी तिथे लागेल. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस लिनक्सवर सहसा चालतच नाहीत, आणि विंडोजने लपवलेले फोल्डर तिथे उघड दिसतात. हवी ती पीडीएफ, जेपीजी किंवा कोरल (डिझाइन सॉफ्टवेअर) फाइल तेवढी उचला, तपासा आणि दुकानाच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घालून आत न्या. त्या पेन ड्राइव्हला लाल दोरा बांधा, म्हणजे तो कोणाच्या खिशातून घरी जाणार नाही.

आतल्या कॉम्प्युटरला मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही. फोनमध्ये टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू असेल तर तुमच्या बिननेटच्या कॉम्प्युटरला त्या क्षणी नेट मिळालेलं असतं. तसंच, शेजारच्या अकाउंटच्या कॉम्प्युटरला नेट असेल आणि हा त्याला लॅन केबलने जोडलेला असेल, तर याला बिननेटचा म्हणण्यात अर्थ नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस असाच आतल्या नेटवर्कवरून एका मशिनवरून दुसऱ्यावर पसरत गेला.

विंडोज जुनं असेल तर

विंडोज एक्सपीवरची मशिन अजून चालू आहेत, हे आम्हाला माहीत आहे. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचं डाँगल (परवान्यासाठी मागे लावायची किल्ली) नव्या विंडोजवर चालत नाही, हेही माहीत आहे. पण एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. निदान तोवर आलेले अपडेट तरी टाकलेले हवेत. स्टक्सनेटचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये उघडकीला आलेला हा व्हायरस इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रासाठी बनवलेला होता, आणि तिथली यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती. तो पेन ड्राइव्हवरून पसरायचा. फोल्डर उघडून नुसती चिन्हं दिसली तरी पुरे, क्लिकचीही गरज नव्हती. विंडोजमधली ती फट मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये बुजवली. अपडेट न टाकलेल्या मशिनवर ती आजही उघडीच आहे.

सेटिंग आम्ही येऊन करून देतो. रोजच्या कामाला साधं खातं राहील, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे. ऑटोरन (पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होणं) बंद. विंडोजच्या प्रो आवृत्तीत पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवायलाच मनाई करता येते. स्क्रिप्ट मात्र त्यातूनही निसटते, म्हणून ती चालवणारा विंडोज स्क्रिप्ट होस्टही बंद करतो. तुमचं एखादं जुनं सॉफ्टवेअर त्यावर अडून बसत असेल तर आधी सांगा.

अँटिव्हायरस नेटशिवायही ताजा ठेवता येतो. डिफेंडरची (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची) नवी माहिती एका फाइलमध्ये मिळते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायची, लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून आणायची आणि डबल क्लिक करायची. दर सोमवारी दहा मिनिटांचं काम आहे. फाइल ३२ बिटची की ६४ बिटची, एवढं बघून घ्या.

बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरा आणि काम झालं की काढून कपाटात ठेवा. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या कित्येक व्हायरसना त्या कामासाठी नेट लागत नाही, आणि लावून ठेवलेली डिस्कही त्यांच्या तावडीत सापडते.

शंका आली तर पेन ड्राइव्ह काढा, त्या मशिनला दुसरा लावू नका आणि फोन करा. पेन ड्राइव्ह तपासायचे आम्ही पैसे घेत नाही, दुपारी एक ते चार सोडून कधीही आणा. फक्त त्यावर नाव चिकटवून आणा. आमच्या ड्रॉवरमध्ये आत्ता सतरा बेवारस पडलेत, त्यातल्या एकावर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आहेत.