थांबवलेला सामना आणि न थांबणारी डिस्क

वानखेडे मैदानावरचा सामना रंगात आलेला असताना दारावरची घंटा वाजते, घरातले कोणीतरी रिमोटवरचे पॉजचे बटण दाबते आणि गोलंदाज धावता धावता पडद्यावर थबकतो. मैदानावर अर्थातच काहीही थांबलेले नसते आणि उपग्रहावरून येणारा प्रवाहही थांबलेला नसतो, कारण प्रक्षेपण एकेरी असते आणि ते कोणत्या घरी कोण पाहत आहे याची उपग्रहाला गंधवार्ता नसते. थांबते ते केवळ वाचन. घरातला रेकॉर्डर, म्हणजे कार्यक्रम मुद्रित (रेकॉर्ड) करून ठेवणारा सेट-टॉप बॉक्स, येणारा प्रवाह आपल्या हार्ड डिस्कवर लिहीतच राहतो, आणि दहा मिनिटांनी पुन्हा बटण दाबल्यावर दिसतो तो डिस्कवरून वाचलेला, दहा मिनिटे शिळा सामना. शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू यावा आणि आपल्याकडे अजून चेंडूही पडलेला नसावा, हा प्रकार रेकॉर्डर असलेल्या घरांना चांगलाच परिचयाचा आहे.

हा रेकॉर्डर आलेला प्रवाह जसाच्या तसा ठेवतो आणि त्यासाठी डिस्कला जवळजवळ अहोरात्र राबवतो. या दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या, तर त्याच्या ज्या वागण्याने घरोघरी वैताग येतो, त्यातल्या बहुतेकांचा उलगडा होतो.

आधी डिस्कचे पाहू. आपण रेकॉर्डिंगचे बटण दाबलेले नसतानाही चालू वाहिनीचा प्रवाह डिस्कच्या एका राखीव भागावर लिहिला जात असतो. हा भाग ठरावीक मिनिटांचा असतो आणि तो भरला की लेखन पुन्हा सुरुवातीपासून, जुन्या मजकुरावरच सुरू होते. रहाटगाडग्याचे पोहरे भरत येतात, रिते होतात आणि पुन्हा भरायला जातात, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच नुकताच पडलेला बळी मागे जाऊन पुन्हा पाहता येतो. मात्र पॉज करून आपण तासन्‌तास परतलोच नाही, तर भरणारा पोहरा आपल्या जागेपर्यंत येऊन पोहोचतो आणि थांबवलेले चित्र आपोआप पुढे सरकू लागते. बहुतेक यंत्रांत वाहिनी बदलताच हा सगळा साठा पुसला जातो, हेही लक्षात ठेवावे.

एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहिणे आणि वाचणे कसे जमते, असा प्रश्न साहजिक आहे. एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट धरला, तर दोन कार्यक्रम मुद्रित करताना तिसरा पाहायचा असला तरी डिस्कवर सेकंदाला तीन मेगाबाइटचाच भार पडतो, आणि साधी डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने लिहू-वाचू शकते. खरा वेळ जातो तो डिस्कचे वाचक टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यात. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठीच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि टोक सरकवण्याचा वेळ निराळाच. त्यामुळे यंत्र येणारा प्रवाह आधी मेमरीत साठवते, त्याचा मोठा घास झाला की तो एकदम डिस्कवर उतरवते आणि मधल्या सवडीत वाचनही असेच मोठ्या घासांत उरकते. अशा यंत्रांसाठी बनवलेल्या डिस्कांचा स्वभावही संगणकाच्या डिस्कपेक्षा निराळा ठेवलेला असतो. संगणकातल्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही, तर ती पुनःपुन्हा प्रयत्न करत राहते, कारण बँकेच्या हिशेबातला एक आकडाही चुकून चालत नाही. रेकॉर्डरच्या डिस्कने मात्र ठरावीक वेळेत प्रयत्न सोडून पुढे जायचे असते, कारण चित्रात क्षणभर डाग दिसला तर चालतो, पण सामना दोन सेकंद अडून बसला तर चालत नाही. माझ्या मते या यंत्राच्या रचनेतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

आता डिस्कवर नेमके काय लिहिले जाते ते पाहू. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १२४४ मेगाबिट होतात. असे चित्र संक्षेप (कॉम्प्रेशन) न करता साठवायचे ठरवले, तर ५०० जीबीची डिस्क तासभरही पुरणार नाही. प्रत्यक्षात सेकंदाला ८ मेगाबिटचा प्रवाह तासाला ३.६ जीबी जागा घेतो आणि त्याच डिस्कवर जवळजवळ १४० तास मावतात. ही किमया संक्षेपाची आहे आणि तिच्या मुळाशी असलेले गणित एका भारतीयाने सुचवलेले आहे, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या पद्धतीची कल्पना मांडली. त्या संशोधनासाठी त्यांनी केलेला अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला. तरीही काम चालू राहिले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला रंगछटांचा चढउतार संथ आणि शीघ्र लहरींत मांडायचा, आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या शीघ्र लहरींचा तपशील कमी करायचा, हे त्या पद्धतीचे सार आहे. आपल्या घरी येणारी जवळजवळ प्रत्येक डिजिटल वाहिनी ही पद्धत किंवा तिचेच एखादे रूप वापरते.

दुसरी बचत काळाच्या अंगाने होते. वृत्तनिवेदकाच्या मागची भिंत दोन चित्रांमध्ये बदलत नाही, मग ती दर वेळी कशाला पाठवायची? म्हणून साधारण अर्ध्या ते एक-दोन सेकंदांतून एकदा संपूर्ण चित्र पाठवले जाते आणि मधल्या चित्रांसाठी केवळ काय बदलले तेवढेच कळवले जाते. फॉरवर्ड करताना चित्र सुरळीत न पळता धक्क्याधक्क्याने उड्या घेते, ते यामुळेच. इतक्या वेगाने सगळी चित्रे उलगडण्याऐवजी यंत्र पूर्ण चित्रे तेवढी वेचून दाखवते. जाहिराती संपताच आपण बटण सोडतो आणि तरी मालिकेचे दोन संवाद निसटलेले असतात. त्यात आपल्या बोटाचा दोष थोडा आणि पूर्ण चित्रांमधल्या अंतराचा अधिक असतो.

१९९९ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात टिवो आणि रीप्ले टीव्ही हे पहिले घरगुती डिस्क-रेकॉर्डर मांडले गेले, तेव्हा त्यांना अ‍ॅनालॉग सिग्नलचा संक्षेप यंत्रातच करावा लागत असे. प्रक्षेपणच डिजिटल झाल्यावर हे काम उरले नाही. भारतात २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला तो डीटीएचवर, म्हणजे सुरुवातीपासूनच डिजिटल. संक्षेप वाहिनीकडून किंवा सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून होऊनच येतो, यंत्र तो प्रवाह फक्त उतरवून घेते. त्यामुळे मुद्रित कार्यक्रमाचा दर्जा थेट प्रक्षेपणाच्या दर्जाहून तसूभरही कमी नसतो. व्हिडिओ कॅसेटच्या काळात प्रत्येक मुद्रणात चित्र थोडे पुसट होई, ते दिवस आठवणाऱ्यांना याची किंमत कळेल.

पण जसेच्या तसे उतरवून घेण्यात एक मेखही आहे आणि ती कोकणातल्या पावसाळ्यात ठळकपणे जाणवते. घरावरच्या डिशकडे येणारे सिग्नल सुमारे ११ ते १२ गिगाहर्ट्झचे असतात आणि त्यांची तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे, पण त्या प्रचंड प्रवासात सिग्नलला खरा त्रास होतो तो शेवटच्या काही किलोमीटरांत, जिथे पावसाचे टपोरे थेंब त्याला शोषतात आणि विखुरतात. केबलचालकांच्या मोठ्या डिश ज्या सुमारे ४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, तिथे तरंगलांबी मोठी असल्याने पावसाचा उपद्रव बराच कमी होतो.

डिजिटल प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पुडक्यांतून येतो. सेकंदाला ८ मेगाबिटच्या वाहिनीत अशी पाच हजारांहून अधिक पुडकी दर सेकंदाला येत असतात आणि प्रत्येकावर शून्य ते पंधरा असा फिरता क्रमांक असतो. प्रवाहात चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती मिसळलेली असते, त्यामुळे पाऊस रिमझिम असेपर्यंत चित्र निर्दोष राहते. सर कोसळू लागली की दुरुस्तीची मर्यादा ओलांडली जाते आणि काही पुडकी गळतात. क्रमांक तुटल्यामुळे यंत्राला गळती कळते, पण ते हरवलेले पुडके परत मागू शकत नाही, कारण उपग्रहाकडे मागणी करण्याची वाटच नाही. इंटरनेटवरून पाहताना चित्र थांबून पुन्हा चालू होते, ते हरवलेला भाग पुन्हा मागवता येतो म्हणून. इथे मात्र ज्या चौकोनाचा तपशील हरवला, त्याच्या जागी हिरवा-करडा ठोकळा उमटतो किंवा आधीच्याच चित्राचा तुकडा तिथे चिकटून राहतो. पुढच्या बदलांच्या सूचना त्या बिघडलेल्या चौकोनावरच लागू होत असल्याने नायिकेचा चेहरा वळतो आणि ठोकळाही तिच्याबरोबर ओघळत जातो. पुढचे पूर्ण चित्र आले की सगळे एकदम स्वच्छ होते. हे भोक डिस्कवर कायमचे राहते. जुलैच्या रात्री मुद्रित केलेला भाग रविवारी लख्ख उन्हात पाहताना चित्र फुटले, तर डिशवाल्याला बोलावून उपयोग नाही. मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा पाहावा: ठोकळे बरोबर त्याच जागी आले, तर दोष बहुधा मुद्रणाच्या वेळच्या पावसाचा आहे; जागा बदलत असेल, तर मात्र डिस्क किंवा यंत्र दुखावले आहे.

मालिकेचा शेवट कापला जाण्याचे कारण याहून साधे आहे. यंत्र कार्यक्रमांचे वेळापत्रक प्रवाहासोबतच मिळवते आणि अनेकदा त्या छापील वेळेवरच विसंबते, तर वाहिनी जाहिरातींप्रमाणे पुढेमागे सरकते. सेटिंगमध्ये सोय असेल, तर सुरुवातीआधी दोन आणि शेवटानंतर पाच-दहा मिनिटे जोडून द्यावीत. सामन्यासाठी तर पुढच्या कार्यक्रमाचेही मुद्रण लावून ठेवावे.

अधिक दुखरी बाब कुलपाची आहे. सशुल्क वाहिन्यांचे मुद्रण डिस्कवर सांकेतिक रूपात राहते आणि त्याची किल्ली त्या यंत्राशी व ग्राहकाच्या कार्डाशी जखडलेली असते. डिस्क काढून संगणकाला जोडली, तर हाती निरर्थक आकडे लागतात. वर्गणी थांबली की अनेक ठिकाणी जुने मुद्रणही उघडत नाही. नाचाच्या स्पर्धेत मुलगी दिसली म्हणून जपून ठेवलेला भाग, यंत्र बिघडून कंपनीने बदलून देताच कायमचा गेला, असे एका परिचित कुटुंबाच्या बाबतीत घडले. नवीन यंत्र रिकामे आले आणि जुने परत मिळाले नाही. घरी पाहण्यासाठी, सोयीच्या वेळेकरिता केलेले मुद्रण वैध आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरवरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. पण पाहण्याची मुभा असणे वेगळे आणि ती प्रत आपल्या ताब्यात असणे वेगळे. चित्रपटांच्या हक्कदारांची काळजी मी समजू शकतो. प्रेक्षकाच्या घरगुती ठेव्याची काळजी मात्र कोणीच घेतलेली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता विजेविषयी. रात्री दूरदर्शन संच बंद केल्यावर रेकॉर्डरवर हात ठेवून पाहावा. तो कोमट लागतो आणि कान लावला तर बारीक घरघर ऐकू येते. रिमोटने ‘बंद’ केल्यावर अनेक यंत्रांत फक्त पडद्याकडे जाणारे चित्र थांबते. वाहिनी पकडणारा ट्यूनर, डिस्क आणि वेळापत्रक घेणारा भाग जागाच असतो. अशा यंत्राने सतत २० वॉट घेतले, तर महिन्याला १४ युनिटांहून अधिक वीज जाते. अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने २०११ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की तिथले सेट-टॉप बॉक्स वापरात नसतानाही जवळजवळ तेवढीच वीज खात राहतात. रात्रीचे मुद्रण लावलेले नसेल, तर आधी रिमोटने यंत्र झोपवून, डिस्कचा आवाज थांबला की भिंतीवरचा खटका बंद करावा. चालत्या डिस्कची वीज एकदम तोडणे मात्र टाळावे, आणि ज्या गावांत वीज वारंवार जाते तिथे छोटा यूपीएस लावणे डिस्कच्या दृष्टीने फार हिताचे आहे. यंत्रावर क्रोशाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवण्याची पद्धत मोडावी, कारण त्या झरोक्यांतूनच डिस्कची उष्णता बाहेर पडते.

कुलपाविना मुद्रण हवे असेल, तर डीडी फ्री डिशचा पर्याय अजून आहे. त्यावरच्या बऱ्याच वाहिन्या सांकेतिक नसतात आणि बाजारातले अनेक साधे बॉक्स त्या थेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात. सह्याद्री वाहिनीवरची मैफल अशी ठेवली, तर ती संगणकावरही उघडू शकते. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि लांब कार्यक्रमाचे तुकडे पडतात. सेकंदाला २ मेगाबिटच्या साध्या वाहिनीला ही मर्यादा साडेचार तासांच्या आसपास गाठते, एचडीला मात्र तासाहून थोड्याच अधिक वेळात. पेनड्राइव्हमधली मेमरी मर्यादित वेळाच पुसून लिहिता येते, त्यामुळे सतत लिहीत राहणारी पॉजची सोय तिच्यावर चालू ठेवू नये. त्या कामासाठी बाहेरून जोडायची जुनी हार्ड डिस्क अधिक टिकते.