कॉलेजच्या वर्गातलं इम्प्रोव्ह, सोलापूरच्या संदर्भात

इम्प्रोव्ह म्हणजे हातात संहिता नसताना, समोरचा जे बोलेल-करेल त्यावरून पुढचं तिथल्या तिथे रचत जाणं. नाटकवाले हे करतातच, पण इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड, बीकॉम अशा कुठल्याही वर्गात हे खेळ घेतात तेव्हा कुणाला नट बनवायचं नसतं. पोरं एकमेकांशी बोलती व्हावीत, समोरच्याचं नीट ऐकावं आणि चुकायची भीती थोडी कमी व्हावी एवढंच हवं असतं, आणि यातलं ऐकणं सगळ्यात मोलाचं, नवं सुचणं त्याच्या मागून येतं असं मला मनापासून वाटतं.

आज जगभर चालणाऱ्या या खेळांचं बरंचसं श्रेय शिकागोच्या व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांना जातं. त्या खेळातून शिकवणाऱ्या नेव्हा बॉइड यांच्याकडे हल हाउस या शिकागोतल्या समाजसेवी केंद्रात शिकल्या आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी शहरातल्या गरीब, बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करताना त्यांना असं काहीतरी हवं होतं की जे भाषा आणि जात-जमात न बघता सगळ्यांना चटकन कळेल, त्यातून हे खेळ घडत गेले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा १९५९ ला शिकागोत सुरू झालेल्या 'सेकंड सिटी' या इम्प्रोव्ह विनोदी थिएटरच्या संस्थापकांपैकी एक. दुसरं मोठं नाव कीथ जॉन्स्टन (१९३३–२०२३), त्यांनी आधी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि मग कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात काम केलं. कोण स्वतःला वरचा समजतो, कोण खालचा, हे नुसत्या उभं राहण्यातून नि बघण्यातून कसं दिसतं यावरचे त्यांचे खेळ सर-मॅडम आणि विद्यार्थी दोघांनी मिळून करण्यासारखे आहेत.

मूळ नियम 'हो, आणि…' हा. एकजण म्हणाला "अरे आपली एसटी मोहोळलाच बंद पडली" आणि दुसरा म्हणाला "कुठली एसटी, आपण तर घरी बसलोय" की खेळ तिथंच मेला, पण तोच जर म्हणाला "हो, आणि ड्रायव्हर पण दिसंना" तर गोष्ट पुढं सरकते. याचा अर्थ खऱ्या आयुष्यात सगळ्याला मान डोलवायची असा नाही, फक्त समोरच्यानं जे दिलं ते आधी घ्यायचं आणि मग त्यात आपली भर घालायची.

सोलापुरात याची गरज का आहे ते वर्गात बसलं की कळतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ ला एकाच जिल्ह्यासाठी झालं, म्हणजे विद्यार्थी बहुतेक जवळपासचेच, पण घरात कुणी तेलुगू बोलतं, अक्कलकोटकडचा कन्नड बोलतो, कुणाच्या घरी उर्दू, आणि बार्शी-करमाळ्याची मराठी परत वेगळी. आणि शिकवणं इंग्रजीत असलं की हे सगळे एकदमच गप्प होतात, उत्तर येत असून बोलत नाहीत. इथं स्पोलिन यांचा गिबरिशचा खेळ फार कामाचा आहे, त्यात एकानं अर्थ नसलेल्या बडबडीत काहीतरी सांगायचं, हातवारे, आवाजाचा चढउतार सगळं खरं ठेवायचं, आणि शेजारच्यानं त्याचा 'अनुवाद' करायचा. कुणाचीच भाषा चालत नाही म्हटल्यावर फर्डा इंग्रजी बोलणारा आणि गावाकडून आलेला एका पातळीवर येतात, आणि अनुवाद करणाऱ्याला समोरच्या चेहऱ्याकडे बघावंच लागतं. मेडिकलच्या पोरांना तर पुढं जाऊन कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या पेशंटसमोर नेमकं हेच करायचं असतं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केटी वॉटसन यांनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी इम्प्रोव्हचा कोर्स घेतला तो याच विचाराने, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात अभिनेते अ‍ॅलन आल्डा यांच्या पुढाकारानं २००९ पासून शास्त्रज्ञांना आपला विषय साध्या माणसाला सांगता यावा म्हणून हे शिकवतात.

पण हे सगळं बाहेरून आणायची वस्तू आहे असं समजू नये. तमाशातली बतावणी म्हणजे सोंगाड्या आणि त्याच्या जोडीदारांनी समोरच्याचा शब्द झेलून तिथल्या तिथे रंगवलेलं बोलणं, आणि वगाची पण पूर्वी लिहिलेली संहिता नसायची, कथा ठरलेली आणि संवाद नटांनी उभ्याउभ्या रचायचे. कलगी-तुऱ्याच्या फडात एकानं कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं कवनातच जवाब द्यायचा. पेशवाईतले शाहीर राम जोशी या सोलापूरचेच. युवा महोत्सवात आपली पोरं लोकनाट्य जोरात करतात, पण ते पाठ करून, तालमी करून. त्यातलं उत्स्फूर्त अंग वर्गात आणलं तर ते परकं अजिबात वाटणार नाही.

मेंदूबद्दल पण अभ्यास आहेत. २००८ ला चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्राउन यांनी ६ जॅझ पियानोवादकांना एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या) मशीनमध्ये वाजवायला लावलं, तेव्हा सुचेल तसं वाजवताना स्वतःवर नजर ठेवणारा कपाळामागचा बाजूचा भाग शांत झालेला आणि मधला भाग जागा झालेला दिसला. ऐकायला भारी वाटतं, पण माणसं ६ आणि तीही कसलेली, त्यामुळं यावरून वर्गातल्या पोरांबद्दल मोठे दावे करू नयेत.

प्रत्यक्षात करताना अडचण जागेची येते, बाकं फरशीला ठोकलेली असतात, मग व्हरांडा नाहीतर ग्राउंड गाठायचं. सुरुवात एकेका शब्दाची गोष्ट (प्रत्येकानं एकच शब्द जोडत गोष्ट पुढं न्यायची), आरशाचा खेळ (समोरच्याच्या हालचाली आरशासारख्या करायच्या) अशा सोप्यानं करावी, जिथं एकट्याला सगळ्यांसमोर उभं राहावं लागत नाही. ज्याला नको त्याला 'पास' म्हणायची मुभा पाहिजे, मुलींना तर नक्कीच, आणि जात, रंग, गावाकडचं बोलणं यावरचे विनोद आले की शिकवणाऱ्यानं खेळ लगेच थांबवावा. सरांनी पण खेळात उतरायचं, कडेला वही घेऊन उभं राहायचं नाही. याला मार्क तर देऊच नयेत, मार्क आले की पोरं परत बरोबर उत्तर शोधायला लागतात. फार तर शेवटी १० मिनिटं गोल बसून कुणाला काय जाणवलं ते बोलावं, आणि तेही ज्याला बोलायचंय त्यानंच.