ओपनएसएसएल आणि सीडची जुनी दुखणी

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या ३.० आवृत्तीत, कॉन्फिगरेशन फाइलीत रँडम आकड्यांसाठी स्वतंत्र विभाग देता येतो. दिला नाही, तर सीटीआर-डीआरबीजी हा रँडम आकडे बनवणारा जनरेटर एईएस-२५६ या एन्क्रिप्शन पद्धतीवर चालतो आणि सीड, म्हणजे ज्यावरून पुढचे आकडे बनतात ती गुप्त सुरुवात, ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो. नियमांची सक्ती नसेल तर हे तसंच राहू द्यावं. गाजलेले बहुतेक घोटाळे जनरेटरच्या गणितात नव्हे, सीडमध्ये झालेत.

१९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझर घड्याळातली वेळ आणि दोन प्रोसेस क्रमांक यांवरून सीड बनवत असे. बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ते उघडकीला आणलं. त्याच मशीनवर खातं असणाऱ्याला प्रोसेस क्रमांक दिसायचे. सेकंद कळला की उरायच्या मायक्रोसेकंदाच्या दहा लाख शक्यता.

डेबियन या लिनक्स वितरणाचं प्रकरण याहून महागात पडलं. व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन ओपनएसएसएलमध्ये आधी काहीच न भरलेली (अनइनिशियलाइज्ड) मेमरी वाचली जाते अशी तक्रार करत होतं. ती गप्प करायला २००६ मध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी काढल्या गेल्या. एक खरोखर बिनमहत्त्वाची होती. दुसरी मात्र बाहेरून आलेली सगळी एन्ट्रॉपी (अंदाज न येणारी माहिती) पूलमध्ये, म्हणजे जनरेटरच्या साठ्यात, मिसळणारी! मग बदलता राहिला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रोसेसर-प्रकार आणि की-लांबीमागे सुमारे ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं. पॅकेज अपडेट करून भागत नव्हतं; त्या काळात बनलेल्या एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) की आणि सर्टिफिकेटं पुन्हा काढावी लागली. बाहेर बनलेली डीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीची चांगली कीसुद्धा अशा मशीनवर सहीसाठी वापरली असेल तर बाद, कारण प्रत्येक सहीतला गुप्त आकडा ओळखता आला की खासगी की निघते.

लिनक्सने २०१४ मध्ये, ३.१७ आवृत्तीत, गेटरँडम हा सिस्टिम कॉल आणला. बूट होताना पूल तयार नसेल तर तो रँडम आकडे मागणाऱ्या प्रोग्रामला थांबवून ठेवतो. २०१८ च्या ओपनएसएसएल १.१.१ मध्ये जनरेटर नव्याने लिहिला गेला: मुख्य जनरेटर तासाभराने, थ्रेडचे सात मिनिटांनी पुन्हा सीड होतात, आणि फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत बनल्यावर) मूल प्रोसेस वेगळं सीड घेते.

बिल्ड करताना सीडचा स्रोत ‘नन’ ठेवला, तर सीड पुरवणं प्रोग्रामच्या गळ्यात पडतं. व्हर्च्युअल मशीनची इमेज बनवण्याआधी एसएसएचच्या होस्ट की आणि लिनक्समधल्या सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाची रँडम-सीड फाइल पुसावी, नाहीतर सगळ्या प्रतींच्या होस्ट की एकच निघतात.