सॅम शेपर्ड खून खटला
अमेरिकेत ओहायोमधल्या क्लीव्हलंडच्या पश्चिमेला, ईरी लेकच्या काठावर बे व्हिलेज नावाचं सुखवस्तू उपनगर आहे, तिथे ४ जुलै १९५४ च्या पहाटे डॉ. सॅम शेपर्डच्या गरोदर बायकोचा, मॅरिलिनचा, बेडरूममध्ये डोक्यावर घाव घालून खून झाला. शेजारच्या खोलीतला सात वर्षांचा मुलगा उठलाच नाही. शेपर्ड म्हणाला, मी खाली झोपलो होतो, आवाज ऐकून वर धावलो तर कोणीतरी मला बेशुद्ध पाडलं, नंतर एका पिंजारलेल्या केसांच्या माणसाच्या मागे लेकपर्यंत पळालो आणि तिथे परत मार खाल्ला. आता हे कोणाला पटणार? त्यात एका लॅब टेक्निशियनशी असलेलं लफडं त्याने शपथेवर नाकारलं आणि ते बाहेर आलं, मग तर तो लोकांच्या मनातून साफ उतरला.

आपल्याकडे नानावटी प्रकरणात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू लावून धरली, इथे बरोब्बर उलटं, 'क्लीव्हलंड प्रेस' हा पेपर हात धुऊन आरोपीच्या मागे लागला. कॉरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) गर्बरने चौकशी घेतली तीही शाळेच्या जिममध्ये माइक लावून, शेकडो लोकांसमोर पोलिसांनी शेपर्डची झडती घेतली. ३० जुलैला पहिल्या पानावर अग्रलेख आला, 'सॅम शेपर्ड जेलमध्ये का नाही?', आणि त्याच रात्री अटक! ज्यूरीची नावं-पत्ते पेपरात छापले, कोर्टात पत्रकारांचं टेबल ज्यूरीपासून जेमतेम तीन फुटांवर, आणि जज ब्लायदिन स्वतः जजपदाच्या निवडणुकीला उभे. हत्यार सापडलंच नाही, उशीवरचा रक्ताचा ठसा सर्जिकल अवजाराचा आहे असं गर्बरने ठोकून दिलं, कुठल्या अवजाराचा ते मात्र सांगता आलं नाही. २१ डिसेंबरला जन्मठेप झाली. पुढच्याच महिन्यात शेपर्डच्या आईने आत्महत्या केली, पाठोपाठ वडीलही गेले.

दहाएक वर्षांनी एफ. ली बेली या तरुण वकिलाने केस सुप्रीम कोर्टापर्यंत नेली. १९६६ मध्ये कोर्टाने ८-१ ने शिक्षा रद्द केली, कारण एवढंच की प्रसिद्धीच्या धुमाकुळात निःपक्ष खटला झाला नाही आणि जजने तो धुमाकूळ आवरला नाही. खून कोणी केला यावर कोर्ट बोललंच नाही, हे लोक विसरतात. त्याच वर्षी फेरखटल्यात तो सुटला, पण डॉक्टरकी काही धड जमली नाही, शेवटी कुस्तीच्या रिंगणात उतरला आणि १९७० मध्ये ४६ व्या वर्षी वारला. मुलाने नंतर बापाच्या चुकीच्या तुरुंगवासाबद्दल राज्यावर दावा लावला, तोही २००० मध्ये ज्यूरीने फेटाळला.