मुलांचे अतिवजन व त्याचे नियमन

मुलाचे वय, उंची आणि लिंग यांच्या मानाने शरीरात आरोग्याला बाधक ठरेल इतकी चरबी साठली, की त्या अवस्थेला अतिवजन आणि तिच्या पुढच्या पायरीला लठ्ठपणा म्हणतात. अशा मुलाचे वजन आरोग्यदायी पातळीवर आणताना मोठ्यांचे ‘डाएट’ थोडे कमी करून त्याला लावणे चुकीचे ठरते. मुलाची हाडे, स्नायू आणि मेंदू घडत असतात. शिवाय त्याच्या ताटात काय पडते, घरात काय आणले जाते, रात्री दिवे कधी मालवले जातात, हे मोठी माणसे ठरवतात. त्यामुळे मुलांच्या बाबतीत उद्दिष्टही निराळे असते आणि मुख्य जबाबदारीही मुलाची नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील ५ ते १९ वर्षे वयाच्या ३९ कोटींहून अधिक मुलामुलींचे वजन प्रमाणाबाहेर होते. त्यांपैकी १६ कोटी लठ्ठ या वर्गात मोडत होती. १९९० मध्ये या वयोगटातील सुमारे ८ टक्के मुले अतिवजनी होती. २०२२ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. एवढ्या थोड्या काळात माणसाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते मुलांभोवतीचे जग: गोड पेये आणि पाकीटबंद खाणे हाताशी आले, खेळायच्या जागा आटल्या, झोप कमी झाली आणि पडद्यासमोरचा (टीव्ही, मोबाइल) वेळ वाढला. मुलाच्या वजनाबद्दल त्याला किंवा त्याच्या आईला दोष देणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहायला हवेत.

मोजमाप

वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. प्रौढांसाठी २५ आणि ३० या ठरलेल्या सीमा आहेत. मुलांना त्या चालत नाहीत, कारण निरोगी मुलाचा बीएमआय वयाबरोबर खालीवर होतो. पहिल्या वर्षात तो वाढतो. मग मूल चालू-धावू लागते, उंच होते आणि तो उतरत जातो. साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठून तो पुन्हा चढू लागतो. ही चढण ज्यांच्यात फार लवकर सुरू होते, त्यांच्यात पुढे लठ्ठपणा येण्याचा संभव जास्त असतो. पाच-सहा वर्षांच्या निरोगी मुलाच्या फासळ्या थोड्या दिसणे स्वाभाविक आहे. ‘किती वाळलाय’ म्हणून त्याला आग्रहाने भरवणारी प्रेमळ माणसे नकळत ही चढण अलीकडे ओढतात.

म्हणून मुलाचा बीएमआय त्याच्या वयाच्या व लिंगाच्या वाढीच्या तक्त्यावर पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यांनुसार ५ ते १९ वर्षे वयात मध्यमानापेक्षा (त्या वयाच्या मुलांत मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा) एका प्रमाण विचलनाहून (आकडे मध्यापासून किती विखुरले आहेत हे मोजणाऱ्या एककाहून) अधिक आकडा म्हणजे अतिवजन आणि दोनांहून अधिक म्हणजे लठ्ठपणा. पाच वर्षांखालील मुलांसाठी उंचीच्या मानाने वजन पाहतात आणि तेथे याच सीमा अनुक्रमे दोन व तीन विचलनांच्या आहेत. अमेरिकेतील तक्ते पर्सेंटाइल, म्हणजे शंभर समवयस्क मुलांत हे मूल कितवे येते ते, वापरतात: ८५ ते ९५ च्या दरम्यान अतिवजन, ९५ व त्यापुढे लठ्ठपणा. बीएमआय चरबी थेट मोजत नाही, त्यामुळे एका दिवशीच्या आकड्यावर निदान करू नये. काही महिन्यांच्या नोंदींतून उमटणारी रेषा जास्त बोलकी असते. आतापर्यंत एका पट्टीला धरून चाललेली रेषा अचानक वरच्या पट्ट्या ओलांडू लागली, तर आकडा अजून ‘नॉर्मल’ असतानाही लक्ष द्यावे.

वजन उतरवणे की थोपवणे

बहुतेक पालकांना ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते: वाढत्या वयातल्या पुष्कळशा अतिवजनी मुलांचे वजन घटवावे लागत नाही. ते वाढण्याचा वेग मंदावला किंवा ते काही काळ स्थिर राहिले, की उंची आपले काम करते. आठ वर्षांचा, १२८ सेंटिमीटर उंचीचा आणि ३२ किलो वजनाचा मुलगा घेऊ. त्याचा बीएमआय १९.५ येतो, जागतिक तक्त्यानुसार तो लठ्ठपणाच्या सीमेला टेकलेला आहे. दोन वर्षांत त्याची उंची १३९ सेंटिमीटर झाली आणि वजन तेवढेच राहिले, तर बीएमआय १६.६ होतो, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या मध्यमानाच्या जवळपास. या काळात वजन दोन किलोंनी वाढले असते तरी तो १७.६ वर, अतिवजनाच्या रेषेखाली राहिला असता. या दोन वर्षांत त्याला कधीही उपाशी झोपावे लागत नाही.

वजन खरोखर कमी करण्याचा सल्ला लठ्ठपणा तीव्र असेल, त्याचे दुष्परिणाम दिसू लागले असतील किंवा उंची वाढणे थांबत आले असेल तेव्हा दिला जातो, आणि तोही देखरेखीखाली. प्राथमिक शाळेच्या वयात महिन्याला साधारण अर्धा किलो हा पुरेसा वेग मानतात. झटपट वजन उतरवणारे कठोर आहार मुलांना देऊ नयेत; त्यांनी वाढ खुंटू शकते, स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात. दोन वर्षांखालील मुलाच्या आहारातील स्निग्धांश तर स्वतःच्या विचाराने मुळीच तोडू नयेत. दुसऱ्या बाजूला, ‘मोठेपणी आपोआप उतरेल’ म्हणून वाट पाहण्यातही धोका आहे. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची सहसा थोडेच सेंटिमीटर वाढते, त्यामुळे उंचीची मदत मिळण्याचा काळ संपत आलेला असतो.

घर बदलते तेव्हा

मुलाला एकट्याला वेगळे ताट वाढणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमी उपयोगी उपाय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन व सहकाऱ्यांनी ६ ते १२ वर्षांच्या लठ्ठ मुलांवर केलेल्या उपचारांचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आहार आणि व्यायामाचे शिक्षण सर्व गटांना सारखेच मिळाले होते. एका गटात मूल व पालक या दोघांच्याही बदलांना शाबासकी मिळत होती, दुसऱ्यात केवळ मुलाच्या, तर तिसऱ्यात बदल न पाहता केवळ हजेरीची दखल घेतली जात होती. दहा वर्षांनी पहिल्या गटातील मुलांचे अतिवजन (सरासरी वजनापेक्षा किती टक्के जास्त, या हिशेबाने) सुरुवातीपेक्षा सरासरी ७.५ टक्के अंकांनी कमी होते. तिसऱ्या गटातील १४.३ अंकांनी वाढले होते. इस्राएलमधील आहारतज्ज्ञ मोरिया गोलान यांनी याही पुढे जाऊन केवळ पालकांना शिकवून पाहिले, मुलांना बोलावलेच नाही. १९९८ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षांत या मुलांचे वजन थेट मुलांनाच शिकवलेल्या गटापेक्षा अधिक सुधारले होते आणि उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाणही बरेच कमी होते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की जो पदार्थ एका मुलासाठी नको तो घरातच कमी यावा. सडपातळ भावाच्या हातात शीतपेय आणि जाड बहिणीपुढे पाण्याचा पेला, ही मांडणी मुलीच्या मनावर खोल ओरखडा काढते आणि तिला लपून खायला शिकवते. निव्वळ बंदीही उलटते. लीॲन बर्च आणि जेनिफर फिशर या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगांत एखादा आवडता खाऊ समोर ठेवून तोच अडवला, तेव्हा लहान मुलांचे लक्ष आणि ओढ त्याच खाऊकडे वाढली. घरात नसलेल्या खाऊसाठी रोज हुज्जत घालावी लागत नाही. डब्यात असूनही नाकारलेल्या खाऊसाठी घालावी लागते.

जेवणाच्या बाबतीत आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली वाटणी फार उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे हे मुलाने. बाळ पोट भरले की तोंड फिरवते. भूक ओळखण्याची ही जाण उपजत असते. ‘ताट स्वच्छ कर’, ‘आणखी एक घास’, ‘भाजी संपवली तर गोड मिळेल’ अशा सांगण्यांनी ती बोथट होत जाते. शिवाय शेवटच्या वाक्यातून मुलाला कळते ते इतकेच, की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस. नवी भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणून सोडून देऊ नये. ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता समोर यावी लागते. जेवणाच्या आणि मधल्या खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, मधल्या वेळी फक्त पाणी, आणि शक्य होईल तेव्हा सर्वांनी एकत्र, पडदा बंद ठेवून जेवावे.

एकच बदल करायचा असेल तर पेयांपासून सुरुवात करावी. ३३० मिलिलिटर कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. दिवसाला १,६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेची, साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी मिळावी ही मर्यादा ४० ग्रॅमची होते आणि तिने अधिक चांगली मानलेली ५ टक्क्यांची मर्यादा २० ग्रॅमची. एका बाटलीत जवळजवळ सगळा वाटा संपतो. आणि द्रवातून आलेल्या ऊर्जेने पोट भरल्यासारखे वाटत नसल्याने पुढच्या जेवणात मूल काही कमी खात नाही. फळांच्या रसालाही यातून सूट नाही, मग तो घरी काढलेला का असेना: रस काढताना फळाची घडण मोडते, चोथा बाजूला राहतो आणि साखर पेल्यात येते. फळ चावून खावे.

हालचाल, पडदा आणि झोप

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ त्यात असावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, हे आधीच सांगितले तर पुढची निराशा टळते. पण रक्तदाब, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, यकृतातील चरबी, झोप आणि मनःस्थिती हे सारे काटा हलला नाही तरी सुधारते. जड मुलाला शर्यतीत शेवटचे येण्याचा अनुभव पुरेसा आलेला असतो; पोहणे, सायकल, नाच, चेंडूचे खेळ यांतले त्याला आवडेल ते निवडू द्यावे. जास्त खाल्ल्याची शिक्षा म्हणून धावायला लावू नये.

अमेरिकी संशोधक टॉमस रॉबिन्सन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिसरी-चौथीच्या मुलांचा टीव्हीचा वेळ घटवला आणि त्यांचा बीएमआय दुसऱ्या शाळेतील मुलांपेक्षा कमी वाढला. दमवणारी हालचाल मात्र फारशी वाढली नव्हती. घटली होती ती टीव्हीसमोर बसून होणारी जेवणे.

झोपेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. कमी झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागते आणि ती गोड-तळलेल्याकडे झुकते. मोबाइल रात्री झोपायच्या खोलीबाहेर ठेवला, की झोप आणि पडदा या दोन्हींची व्यवस्था एकदम लागते.

बोलणे

वजनावरून चिडवले गेलेले मूल त्यामुळे बारीक होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधक डायन न्यूमार्क-स्टायनर व सहकाऱ्यांनी हजारो किशोरवयीनांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ‘डाएटिंग’ करणाऱ्यांत पाच वर्षांनी अतिवजन आणि खाण्याचे विकार या दोहोंचाही धोका अधिक आढळला. त्याच चमूच्या कामातून दिसते, की पालक वजनाविषयी बोलतात त्या घरांतील मुलांत उपाशी राहणे, ओकारी काढणे, अधाशासारखे खाणे असे प्रकार जास्त असतात. बोलणे पौष्टिक खाण्याविषयी असेल तर ते तसे आढळत नाहीत. म्हणून ‘जाड’, ‘ढोल’ असे शब्द लाडानेही वापरू नयेत आणि काट्यावरचा आकडा चारचौघांत सांगू नये. आईने आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावे ठेवली, तरी मुलगी ते ऐकत असते. शाळेत कोणी चिडवत असेल, तर ते थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

लठ्ठपणा जडण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या भावंडांच्या अंगलटीत फरक पडतो तो त्यामुळेच. क्वचित एकाच जनुकातील दोष कारणीभूत असतो: लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले आणि ते जन्मतःच तयार न होणारी, भुकेने सतत व्याकूळ असणारी मुले १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी नोंदवली. पालकांना बहुधा थायरॉइडची शंका असते. पण जास्त ऊर्जा मिळाल्याने वजन वाढलेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. वजन वाढते आहे पण उंची अडली आहे, तर संप्रेरकांची तपासणी हवीच. स्टेरॉइड आणि फिट्सवरील काही औषधांनीही वजन वाढते. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

मानेच्या मागे व काखेत काळसर मखमली त्वचा, जोरात घोरणे व झोपेत श्वास अडणे, वारंवार डोके दुखून नजर धूसर होणे, खूप तहान व लघवी, ही लक्षणे दिसल्यास थांबू नये. लंगडणे किंवा मांडी-गुडघ्यातील दुखणे यांकडे तर विशेष लक्ष हवे: वाढत्या वयातील जड मुलांत मांडीच्या हाडाचे वरचे टोक सरकू शकते. दुखणे गुडघ्यात जाणवते, दोष खुब्यात असतो, आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया लागते.

अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबासह ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तासांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन हा उपचाराचा पाया मानला आहे. दहा मिनिटांत ‘वजन कमी करा’ सांगून कोणाचे भले होत नाही. याच सूचनांत १२ वर्षांपुढील लठ्ठ मुलांसाठी जोडीला औषधे आणि १३ वर्षांपुढील तीव्र लठ्ठपणात वजन घटवण्यासाठी पोटावरील शस्त्रक्रियेचा विचार करण्यास जागा दिली आहे. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या २०२२ मधील चाचणीत ६८ आठवड्यांनी किशोरवयीनांचा बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. मळमळ, उलट्या हे त्रास होतात आणि औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते, त्यामुळे किती काळ घ्यायचे हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या व तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. या वाटा खऱ्या आजारावरचे उपचार आहेत. ज्या मुलाला त्यांची गरज पडते, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी त्यात हार मानण्यासारखे काही नाही.